सुपारीच्या खांडाचा हिशेब



ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या गदारोळात, राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा जाडजूड अहवाल आला आणि फारसा कुणी न वाचता कपाटात गेला. देशातल्या निरनिराळ्या नोंदणी केंद्रांत दर लाख लोकांमागे वर्षाला किती नवे कर्करोगी सापडतात, याची त्यात तुलना होती. पुरुषांच्या यादीत सगळ्यांत वर मिझोराममधला ऐजॉल जिल्हा, २६९.४. सगळ्यांत खाली 'उस्मानाबाद आणि बीड', म्हणजे आपलं धाराशिव आणि शेजारचं बीड, ३९.५. बायकांच्या यादीतही शेवटचा नंबर आपलाच, ४९.४. पावसाच्या, सिंचनाच्या, दरडोई उत्पन्नाच्या याद्यांत खाली असायची आपल्याला सवय आहे. खाली असल्याचा आनंद मानावा अशी यादी एवढी एकच.

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचा एक आग्रह होता. आकडा सांगितलात तर तो कुठून आला तेही सांगा. म्हणून आधी तेवढं सांगतो. हे आकडे वयाचा फरक काढून टाकून केलेले असतात, त्यामुळे 'तिकडे म्हातारी माणसं जास्त असतील' ही पळवाट नाही. मिझोराममध्ये निम्म्याहून अधिक प्रौढ माणसं तंबाखूचं काही ना काही सेवन करतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आपल्या राज्याचा आकडा २६.६ टक्के होता. त्यातही विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. महाराष्ट्र ओढत नाही, चघळतो. तेव्हा आपला कर्करोगाचा आकडा कमी आहे यात बराच भाग खरा आहे. काही भाग मात्र असाही असणार की दुखणं अंगावर काढलं, दवाखान्यापर्यंत गेलंच नाही, आणि 'पोटाच्या आजाराने वारले' एवढ्यावर दहावा-तेरावा उरकला.

'पोटाचा आजार' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

या जिल्ह्यात डॉक्टरी करणाऱ्या कुणालाही विचारा, एका प्रकारचा रुग्ण त्याच्या ओळखीचा निघेल. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. हातापायाच्या काड्या झालेल्या, पोट मात्र नगाऱ्यासारखं तट्ट. डोळे पिवळे. बरोबरचा मुलगा सांगतो, "पोटात पाणी झालंय." आधी कावीळ म्हणून गावातलं झाडपाल्याचं औषध झालेलं असतं. सोनोग्राफीत यकृत आक्रसलेलं, पाणथरी वाढलेली. सिरोसिस. डॉक्टरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वर्षं घेताय?" आणि मुलगा दुखावतो. "नाही हो साहेब, माळकरी आहेत आमचे अण्णा. जन्मात दारूला शिवले नाहीत." पुढे हिपॅटायटिस बी आणि सी या दोन विषाणूंची तपासणी होते, ती कोरी येते. मधुमेह नाही, अंगावर चरबी नाही. मग केसपेपरवर 'क्रिप्टोजेनिक' असा भारदस्त शब्द पडतो. त्याचा अर्थ, आम्हाला कारण सापडलं नाही.

या सगळ्या चौकशीत अण्णांच्या कोपरीच्या खिशातल्या चंचीकडे कुणी पाहिलेलं नसतं. मुलानेही सांगितलेलं नसतं. तो लपवत नसतो, त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. एखाद्याच्या सच्छीलपणाची ग्वाही द्यायची तर आपण म्हणतो, त्याला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. म्हणजे व्यसनांच्या शिडीवरची सगळ्यांत खालची पायरी सुपारी. तिचा हिशेब कोण ठेवणार? लग्न जमलं की सुपारी फुटते. गणपतीची मूर्ती नसली तर तांदळावर सुपारी मांडून पूजा होते. तुळजापूरला आईसाहेबांना विडा जातो. मघाशी माझं स्वागत झालं त्या तबकातही नारळाशेजारी पान-सुपारी होती, आणि ती मी आनंदाने घेतली. तबकातल्या सुपारीशी माझं भांडण नाही. गालात दहा-दहा तास मुरणाऱ्या सुपारीबद्दल मी बोलतोय.

इथून थोडं लांब जाऊ. एडनच्या आखाताच्या दोन्ही काठांवर, येमेन, सोमालिया, इथिओपिया आणि पुढे केनियात, 'खाट' नावाचं झुडूप होतं. आपल्या बाजेशी त्याचा संबंध नाही. येमेनात त्याला 'कात' म्हणतात, पण विड्यातल्या काताशीही त्याचं नातं नाही. त्याची कोवळी पानं लोक दुपारभर गालात धरून चघळतात. त्यात कॅथिनोन नावाचं द्रव्य असतं. त्याने तरतरी येते, भूक मरते, गप्पा रंगतात. आपल्या देशात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं आणि मुंबईच्या विमानतळावर अधूनमधून पकडलं जातं. तिकडे मात्र ते पाहुणचाराचा भाग आहे. आपल्या पानसुपारीसारखंच.

२०१० साली लंडनच्या डॉक्टरांनी एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र छापलं. त्यांच्याकडे यकृत अचानक निकामी झालेले काही रुग्ण आले होते, बहुतेक मूळचे सोमालियाचे. विषाणू नाही, दारू नाही, कुठलं औषध नाही. सगळ्यांत समान काय, तर खाट. तोवर हे पान लंडनमध्ये भाजीसारखं उघड विकलं जात होतं. ब्रिटनने त्यावर बंदी घातली ती जून २०१४ मध्ये.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यापुढची, इथिओपियातल्या हरार शहरातली गोष्ट. तिथल्या दवाखान्यांत जुनाट यकृतविकाराचे रुग्ण खूप. नॉर्वेच्या आणि इथिओपियाच्या डॉक्टरांनी मिळून त्यांची नीट तपासणी केली, तर निम्म्याहून अधिक रुग्णांत नेहमीचं एकही कारण सापडेना. वस्ती बव्हंशी मुसलमान, तेव्हा दारूच्या प्रश्नाला उत्तर 'नाही'. म्हणजे आपले माळकरी अण्णाच, फक्त वेश वेगळा. मग त्यांनी यकृताचे रुग्ण आणि त्याच दवाखान्यात दुसऱ्या आजारांसाठी आलेले लोक शेजारी शेजारी ठेवून विचारलं, खाट किती वर्षं चघळता, रोज किती? २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला. खाट चघळणाऱ्यांत जुनाट यकृतविकाराचा धोका जास्त होता, आणि जितकी वर्षं जास्त तितका धोका जास्त. पान शेकडो वर्षांचं, आजारही जुना. नवा होता तो प्रश्न.

आता सुपारीकडे येऊ. जगात मनावर परिणाम करणारी जी द्रव्यं माणूस रोज घेतो त्यांत निकोटीन, दारू आणि चहा-कॉफीतलं कॅफीन यांच्या खालोखाल चौथा क्रमांक सुपारीचा लावतात. तिच्यातल्या ॲरेकोलिन या द्रव्याने अंगात ऊब येते, कपाळावर घाम फुटतो, झोप उडते. ज्यांनी पहिल्यांदा कच्ची सुपारी खाऊन चक्कर अनुभवली असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. विड्यातला चुना या कामात नुसता साक्षीदार नसतो. तो तोंडातला आंबटपणा घालवतो, आणि मग ॲरेकोलिन गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात जातं. उरलेला रस गिळला जातो. कितीही पिंका टाकल्या तरी काही भाग पोटात जातोच. आणि पोटात गेलेलं जवळजवळ सगळं आधी एकाच दाराने पुढे सरकतं, ते दार म्हणजे यकृत.

आपल्या विड्यात तंबाखूही असते, त्यामुळे दोष कुणाचा हे वेगळं काढणं अवघड. तंबाखू तशी नवखीच पाहुणी. साधारण १६०४ च्या सुमाराला अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला, तिथे त्याने ही वनस्पती पाहिली आणि बादशहाला भेट म्हणून आग्र्याला नेली. दरबारातले हकीम म्हणाले, आमच्या पोथ्यांत हिची नोंद नाही, घेऊ नका. विजापूर म्हणजे त्या काळी आपल्या नळदुर्गाचीच राजधानी. तेव्हा या पाहुणीला उत्तरेची वाट आपल्याच मुलखातून सापडली, असं म्हणायला हरकत नाही. सुपारी मात्र तिच्याआधी कित्येक शतकं इथे होती. भेसळ नसलेल्या सुपारीचा परिणाम पाहायचा तर तंबाखू न घालता ती खाणारा देश शोधावा लागतो.

असा देश आहे तैवान. तिथले लोक हिरवी, कोवळी सुपारी चुना आणि पानाबरोबर खातात, तंबाखू अजिबात नाही. त्यातून योगायोग असा की तैवानमध्ये हिपॅटायटिस बी फार पसरलेला होता. त्यामुळे यकृताकडे त्या देशाचं लक्ष पहिल्यापासून होतं. नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला त्यांनी १९८४ मध्येच सुरुवात केली. आपल्याकडे ती देशभर पोहोचायला २०११ पलीकडचं साल उजाडलं. या सावध देशात, काओशुंग इथल्या डॉक्टरांनी २००१ पासून एकामागून एक अभ्यास छापले. यकृताच्या कर्करोगाच्या आणि सिरोसिसच्या रुग्णांत सुपारी खाणारे जास्त निघत होते. ज्यांच्या अंगात विषाणूही होता आणि तोंडात सुपारीही, त्यांचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा मोठा होता. पुढे कीलुंग शहरात हजारो लोकांची वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तपासणी झाली. तिथे बी आणि सी दोन्ही विषाणू नसलेल्या सुपारीवाल्यांतही सिरोसिस आणि यकृताचा कर्करोग काही पटींनी जास्त आढळला.

आता सावधगिरीचे दोन शब्द, कारण सभेत डॉक्टरने सांगितलेली गोष्ट उद्या चहाच्या टपरीवर दुप्पट होऊन पोहोचते. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी, तंबाखूशिवायचीसुद्धा, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. तंबाखू घातलेला विडा त्या गटात १९८५ पासूनच होता. तोंडाच्या कर्करोगाबाबत त्या संस्थेला शंका नाही. यकृताबाबत २०१२ च्या खंडात तिने जपून शब्द वापरले आहेत : संबंध दिसून आला आहे. म्हणजे न्यायालयाच्या भाषेत संशयित, दोषी नव्हे. आणि सिरोसिसची कारणं म्हणून आपल्या जिल्ह्यात पहिलं नाव अजून दारूचंच घ्यावं लागेल, मग हिपॅटायटिस, मग मधुमेह आणि लठ्ठपणा. सुपारीला सगळ्यांचा बाप ठरवायला मी आलेलो नाही. तिला संशयितांच्या ओळीत उभीच केलेली नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

संशय का घ्यायचा, याचं एक कारण मात्र आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच गालांत आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांचं वर्णन केलं. त्यांचं तोंड पुरतं उघडत नव्हतं, आतलं अस्तर पांढरं आणि कडक झालेलं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. जोशींनी तसेच रुग्ण पाहिले आणि त्या आजाराला आज जगभर वापरलं जाणारं सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. कारण सुपारी. आता हा आजार विशीतल्या पोरांत दिसतो. तिखट खाल्लं की आग होते, शिट्टी वाजवता येत नाही, जीभ बाहेर निघत नाही, तोंडात दोन बोटंही मावत नाहीत. सुपारीत तांब्याचं प्रमाण जास्त असतं. ते तांबं आणि ॲरेकोलिन मिळून शरीराला चिवट तंतू विणायला लावतात, आणि विणलेले तंतू मोडू देत नाहीत.

सिरोसिस म्हणजे दुसरं काय? तिथेही तंतूच. यकृताला रोज थोडी इजा होते, शरीर ती वणाने बुजवतं, आणि नांगरटीनंतरही हरळी जशी काळ्या रानात पुन्हा पुन्हा पसरत जाते तसे हे वण चांगल्या पेशींना वेढत जातात. आतून रक्त पुढे सरकेनासं झालं की ते मागे तुंबतं. त्यातून पोटात पाणी, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आणि एखाद्या रात्री रक्ताची उलटी. गालात जे द्रव्य तंतू विणतं तेच यकृतातही विणत असेल का, हा प्रश्न विचारायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन अवयवांत फरक इतकाच की तोंड आखडलं की माणूस बोंब मारतो. यकृत तीन चतुर्थांश खराब होईपर्यंत कामावर हजर असतं.

सुपारीतून यकृताला पोहोचणारी आणखी एक वाट आहे आणि तिची चर्चा त्याहून कमी होते. बुरशी. सुपारी ओलसर जागी साठवली की तिच्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते, आणि ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. यकृताच्या कर्करोगाच्या बाबतीत या विषावर संशय वगैरे नाही, गुन्हा शाबीत आहे. १९७४ च्या हिवाळ्यात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात भिजून बुरशी आलेला मका खाऊन आदिवासी गावांत काविळीची साथ आली. ३९७ लोक आजारी पडले, १०६ दगावले. ती विषाणूची कावीळ नव्हती. घरातली कुत्रीसुद्धा त्याच मक्याने मेली होती. आपण भुईमुगाच्या शेंगेचा खवट दाणा थुंकून टाकतो. पण सुपारी फोडल्यावर आत काळी निघाली तर? चांगली-वाईट निवडून अडकित्त्याने कातरायची ती आजी गेली. आता भरडा गोणीतून येतो, त्यात वास घातलेला असतो, तूप-साखर-वेलदोडा असतो, आणि वासाखाली काय काय झाकलं आहे ते खाणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

सुपारी आपल्याकडे पिकत नाही. कोकणातून येते, श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला. त्याहून जास्त कर्नाटकातून. आपल्याकडे पिकतो तो तिच्यावरचा संस्कार. मावा. सुपारीचा भरडा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घेऊन तळहातावर चोळ-चोळ चोळायचा, ऊब धरेपर्यंत. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला पहाटे तीनला फडात उतरायचं असतं. भूक आणि झोप दोन्ही मारायला याहून स्वस्त काही मिळत नाही. त्यांना 'सोडा' म्हणणं सोपं आहे. कोयत्यावर सोळा तास काम करणाऱ्या माणसाला तरतरी दुसरी कुठली देणार, याचं उत्तर कारखान्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. बायकांचं वेगळंच. उघड्यावर तंबाखू मळली तर नावं ठेवतात, म्हणून तव्यावर भाजलेली मिशरी दाताला लावायची, रस गिळायचा. गरोदरपणी मळमळ थांबावी म्हणून सुपारीचं खांड द्यायचं. आणि लग्नाच्या पंगतीनंतर पोरांच्या हातावर गोड सुपारी.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. २००२ मध्ये गुटख्यावर पहिली बंदी आली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटीन घालायला मनाई केली, आणि त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाला बंद केला. २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा हेही यादीत आले. तेव्हापासून दरवर्षी बंदीची मुदत वाढते. आणि गुटखा? एका पुडीच्या दोन झाल्या. एकीत मसाला, दुसरीत तंबाखू, दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या. हैदराबादच्या हमरस्त्यावर, उमरगा-नळदुर्गाकडे, गुटख्याची गाडी पकडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की लोक पानावरची तारीख पाहतात, कारण मजकूर तोच असतो.

कायद्यावर मी इथेच थांबतो. त्याच्या भरवशावर बसून यकृतं वाचणार नाहीत.

आता या जिल्ह्याच्या ज्या गोष्टीचा मला खरोखर अभिमान आहे तिच्याकडे येतो. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी सोलापुरात, पण तिची गावं मोजली तर त्यांत आपले भूम आणि परंडा हे दोन तालुके पूर्ण येतात. तीन तालुके, ३४६ गावं. मुंबईत नोंदणी करायची तर दवाखान्यांचे कागद चाळले की काम होतं. इथे कागदच नव्हते, कारण माणसं दवाखान्यात जात नव्हती. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, टाटा मेमोरियलच्या मदतीने वेगळी पद्धत काढली. माणसं गावात पाठवायची. पारावर, शाळेत, ग्रामपंचायतीत बसायचं. कुणाच्या तोंडातला चट्टा भरत नाही, कुणाला अंगावरून लाल जातं, कुणाला घास गिळत नाही, हे विचारायचं आणि गाडीत घालून दवाखान्यात आणायचं.

त्याचा परिणाम त्यांनी १९९५ मध्ये छापला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या होत्या. नवं औषध आलं नव्हतं, नवं यंत्र आलं नव्हतं. विचारणारा माणूस गावात येत होता, एवढंच. मोजायला निघालेल्या लोकांनी जाता जाता आजारच अलीकडे ओढून आणला.

पुढे १९९९ मध्ये याच अनुभवावर आपल्या जिल्ह्यात एक प्रचंड काम उभं राहिलं. ४९७ गावं, तिशी ते साठीच्या दरम्यानच्या १,३१,७४६ बायका. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची साधा व्हिनेगार लावून नजरेने तपासणी. एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष आला : एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. आज जगात कुठेही या चाचणीची शिफारस होते तेव्हा उस्मानाबाद हे नाव पुराव्यात असतं. चौथ्या गटाला तुलनेसाठी तपासणीशिवाय ठेवलं, यावरून पुढे मोठा वाद झाला. तो वाद व्हायलाच हवा होता. त्या गटातल्या बायकांचं ऋण आपण कधी जाहीरपणे मान्य केलेलं नाही, निदान आज या व्यासपीठावरून ते माझ्याकडून व्हावं.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की गावोगाव जाऊन विचारायची विद्या बाहेरून आणायची नाही. ती भूम-परंड्याच्या धुळीत तयार झालेली आहे. पण ती कर्करोगाची नोंद ठेवते. सिरोसिसने पोटात पाणी होऊन गेलेला माणूस तिच्या वहीत येत नाही, कारण त्याला कर्करोग झालेला नसतो. व्हायच्या आधीच तो गेलेला असतो. ३९.५ हा आकडा बरोबर धरला तरी अण्णा त्यात नाहीत.

मग करायचं काय? माझ्या मागण्या फार लहान आहेत, आणि लहान आहेत म्हणूनच त्या टाळायला निमित्त राहू नये. आपल्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. त्यात तंबाखू-गुटख्याचा प्रश्न आहे, दारूचा आहे, कमरेच्या घेराचा आहे. नुसत्या सुपारीचा नाही. तो एक रकाना हवा : सुपारी खाता का, दिवसात किती वेळा, किती वर्षांपासून, रस गिळता की थुंकता. तालुक्याच्या दवाखान्यात यकृताचा रुग्ण आला की 'व्यसन' या एका शब्दापुढे 'नाही' लिहून मोकळं व्हायचं नाही. तंबाखू, मावा, मिशरी, सुपारी ही नावं घेऊन विचारायचं, आणि बाईला विचारताना मुलाला बाहेर बसवायचं. ज्याच्या यकृताला आधीच काही झालं आहे, मग ते दारूने असो वा विषाणूने, त्याला दारू बंद करा म्हणतो त्याच दमात सुपारी बंद करा म्हणायचं. तैवानने दाखवलंय की दोन कारणं एकत्र आली की धोका बेरजेपेक्षा मोठा होतो. ज्यांना सोडायचं आहे त्यांनी तंबाखूमुक्तीचा मोफत फोन आहे तो लावावा : १८००-११२-३५६. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, तोंडाला काहीतरी हवं वाटेल. बडीशेप चालेल, ओवा चालेल. खोबऱ्याचा तुकडाही चालेल.

आणि आंबेजोगाई, लातूर, सोलापूर, धाराशिव इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एम.डी.च्या मुलांना प्रबंधाला विषय हवेच असतात. हरारच्या डॉक्टरांनी केलं तेवढंच करायचं आहे. यकृताचे रुग्ण एका बाजूला, त्याच दवाखान्यातले बाकीचे रुग्ण दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना एकच प्रश्न. उत्तर सुपारीच्या बाजूने आलं तरी मला आनंद आहे; मग पुढच्या व्याख्यानात मी दुसऱ्या संशयिताचं नाव घेईन. पण या मातीतल्या माणसांचं उत्तर तैवान आणि इथिओपियातून उसनं आणायची वेळ येऊ नये.

माझी वेळ संपली आहे, घड्याळ अध्यक्षांच्या हातात आहे. प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं राखून ठेवली आहेत. मागे काही डॉक्टर मंडळी बसलेली दिसतात. त्यांच्यापासून सुरुवात करूया : तुमच्या दवाखान्यात गेल्या वर्षी पोटात पाणी झालेले किती जण आले, आणि त्यांतल्या किती जणांना तुम्ही तोंड उघडायला सांगितलंत?